सव्वीस सेकंद : शाळेतला भूकंपमापक आणि किल्लारीचे वर्तुळ

४ डिसेंबर २०२४ रोजी, बुधवारी, सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ महत्तेचा भूकंप झाला. हैदराबादेत तो बऱ्याच जणांना जाणवला. पंखे हलले, मांडणीवरची भांडी वाजली, वरच्या मजल्यांवरचे लोक जिने उतरून खाली आले. जुन्या शहराजवळच्या ज्या शाळेत आम्ही मुलांकडून भूकंपमापक बनवून घेतला होता, तिथे त्या वेळी शिपाईमामांखेरीज कोणी नव्हते. नऊला मुले आली ती दप्तरे पाठीवर घेऊनच प्रयोगशाळेकडे धावली. पडद्यावर रेघ उमटलेली होती. आधी बारीक थरथर, मग काही वेळाने एकदम मोठी उसळी. इतकी मोठी की लाटांचे माथे वर आणि खाली दोन्हीकडे कापले गेले होते.

घोटाळा असा की संगणकाचे घड्याळ दीड मिनिटाहून जास्त मागे पडलेले होते. आदल्या आठवड्यात इंटरनेट बंद होते आणि वेळ जुळवून घ्यायचे आमच्या ध्यानात राहिले नाही. चूक माझीच. मुलांचे चेहरे उतरले. पण थरथर सुरू झाल्यापासून उसळीपर्यंतचा वेळ मोजायला घड्याळ बरोबर असावे लागत नाही, फक्त एकसारखे चालावे लागते. तो वेळ मुलांनी तीनदा मोजला. सव्वीस सेकंद.

भूकंपाच्या प्राथमिक लहरी आपल्याकडच्या खडकात सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावतात, दुय्यम लहरी साडेतीन. ८.४ किलोमीटर जायला पहिलीला १.४ सेकंद लागतात, दुसरीला २.४. म्हणजे दर ८.४ किलोमीटरला दुसरी एक सेकंद मागे पडते. सव्वीस गुणिले ८.४, आले २१८. भिंतीवरच्या नकाशावर हैदराबादला टाचणी लावून, दोरा आणि पेन्सिल घेऊन मुलांनी २१८ किलोमीटरचे वर्तुळ काढले. ईशान्येला ते गोदावरीकाठच्या मुलुगूच्या जंगलातून गेले. टीव्हीने सकाळीच सांगितलेले गाव सापडल्यावर सगळे खूश. पण वर्तुळ तिथे थांबत नाही ना. ते पुढे फिरत वायव्येला नांदेडच्या जरा अलीकडून गेले आणि पश्चिमेला उतरले. नववीतल्या एका मुलीने तिथे बोट ठेवले. तिचे आजोळ लोहाऱ्याकडचे. ती म्हणाली, "काका, ही रेघ किल्लारीवरून जातेय."

खरेच जात होती. चार-पाच किलोमीटर इकडेतिकडे. मुलुगू आणि किल्लारी हैदराबादपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, एक ईशान्येला आणि एक पश्चिमेला, हे तीस वर्षे या शहरात कंपने मोजण्याची नोकरी करूनही माझ्या लक्षात आले नव्हते. मंडळासाठी हा लेख लिहायला घेतला तो त्यामुळे.

शाळेत भूकंपमापक ठेवणे ही अलीकडची अमेरिकन टूम आहे, असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटायचे. कागदपत्रे पाहू लागलो तेव्हा दिसले की हे यंत्र मुळात जन्मालाच वर्गात आले. जॉन मिल्न १८७६ साली जपानला गेला तो खाणकाम आणि भूशास्त्र शिकवायला, टोकियोच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. जेम्स युइंग तिथल्या विद्यापीठात यंत्रशास्त्राचा मास्तर. थॉमस ग्रे हाही अध्यापकच. २२ फेब्रुवारी १८८० रोजी योकोहामाला जोराचा धक्का बसला, त्याच वर्षी जपानची भूकंपशास्त्रीय संस्था स्थापन झाली आणि पुढच्या काही वर्षांत या तिघांनी मिळून, कधी भांडून, आजच्या भूकंपमापकाची मूळ रचना घडवली. त्यांच्या हाताखालून गेलेला सेकिया सेइकेई १८८६ साली भूकंपशास्त्राचा प्राध्यापक झाला. या विषयाचे ते जगातले पहिले अध्यासन मानतात. १५ जानेवारी १८८७ च्या भूकंपात जमिनीचा एक कण कसकसा हलला, त्याची वाट सेकियाने तार वाकवून दाखवली. विस्कटलेल्या सुतळीच्या गुंड्यासारखी दिसते ती. विद्यार्थ्यांना समजावे म्हणून केलेली वस्तू, आणि आजही मुलांना भूकंप समजावायला तिच्याइतके चांगले साधन मी पाहिलेले नाही. आमच्या मुलांनी बांधणीच्या तारेची तशीच एक केली आहे.

या मंडळींपुढची अडचण काय होती, ती आमच्या धंद्यातल्या माणसाला चटकन कळते. कारखान्यात टर्बाइनचे किंवा पंपाचे कंपन मोजायचे तर न हलणारा पाया लागतो; त्याच्या तुलनेत यंत्र किती हलले ते आपण पाहतो. भूकंपात पायाच हलतो. मोजणाऱ्याला उभे राहायला जागा नाही. मग उपाय एकच, जे हलायला फार वेळ लावते असे काही तरी टांगून ठेवायचे. जमीन सरकते, जड वजन जडत्वामुळे क्षणभर मागे राहते, दोघांतला फरक नोंदवायचा. साधा लंबक टांगला तर भूकंपाच्या संथ लहरींबरोबर तोही डुलतो. लंबकाचा एक झोका बारा सेकंदांचा हवा असेल तर दोरी लागते जवळपास ३६ मीटर. चारमिनारच्या मिनाराच्या टोकावरून सोडली तर निम्म्याहून खाली येईल इतकी. प्रयोगशाळेत ती कुठे बांधणार?

याचे उत्तर प्रत्येक जुन्या वाड्यात आहे. दाराची चौकट ओळंब्यात नसली की ते दार लोटून दिल्यावर संथपणे डुलत एका ठरावीक जागी येऊन थांबते. चौकट जितकी ओळंब्याजवळ, तितके दार जास्त आळशी. आडवा लंबक म्हणतात तो हाच. साठ सेंटिमीटरची दांडी एका अंशाने कललेल्या खांबाला दारासारखी लावली की तिचा झोका बारा सेकंदांवर जातो. मुलांना सूत्र नंतर सांगितले. आधी एका जुन्या घराच्या दिंडी दरवाजापाशी नेऊन उभे केले.

मिल्न १८९५ साली इंग्लंडला परतला आणि वाइट बेटावर बसून त्याने जगभर आपली यंत्रे पाठवायला सुरुवात केली. १२ जून १८९७ चा आसामचा प्रचंड भूकंप झाल्यावर हिंदुस्थानातही ती आली. १८९८ च्या अखेरीस कलकत्त्याला अलीपूरमध्ये, पाठोपाठ मुंबईला कुलाब्यात आणि कोडाईकनालला. कुलाब्याच्या वेधशाळेचे संचालक तेव्हा नानाभॉय मूस होते. त्या जागेवरचे पहिले भारतीय, आणि शिक्षणाने इंजिनिअर, हे सांगायला मला बरे वाटते. आसामच्याच भूकंपाच्या निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी तपासून भूशास्त्र खात्याच्या ओल्डहॅमने प्राथमिक, दुय्यम आणि भूपृष्ठ अशा तीन जातींच्या लहरी वेगळ्या ओळखल्या. मुलुगूच्या रेघेवर नववीची मुले जे मोजत होती त्याचे मूळ तिथे आहे.

आता आपले हैदराबाद. नवाब जफरजंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिसलबंडा इथे हौसेने उभारलेली वेधशाळा पुढे निजाम सरकारकडे आली, बेगमपेठेला हलली आणि १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. तीच निजामिया वेधशाळा. ती प्रसिद्ध आहे आकाशातल्या ताऱ्यांच्या सूचीसाठी, पण तिथे मिल्न-शॉ जातीचा भूकंपमापकही चालत असे. तारे बघायच्या जागी जमीन हलण्याचे यंत्र कशाला, असा प्रश्न मुलांनी विचारला. उत्तर आहे घड्याळ. भूकंपाची लहर कुठे किती वाजता पोहोचली हे सेकंदात सांगता आले नाही तर दूरच्या दुसऱ्या केंद्राच्या नोंदीशी ती ताडता येत नाही, आणि शंभर वर्षांपूर्वी सेकंदापर्यंत खरी वेळ फक्त ताऱ्यांवरून घड्याळ लावणाऱ्यांकडे असायची. आज ती खिशातल्या फोनमध्ये फुकट मिळते. तरी आमचे घड्याळ मागे पडले ते पडलेच.

मिल्न-शॉमधला शॉ कोण, हे शोधताना मला फार आनंद झाला. जे. जे. शॉ हा वेस्ट ब्रॉमिच गावचा गहाणवटीचा दुकानदार. दिवसा लोकांच्या वस्तू गहाण ठेवून घ्यायच्या आणि उरलेल्या वेळात भूकंपमापक बनवायचे. मिल्नच्या मूळ यंत्रात एक खोट होती. धक्का एकदा बसला की लंबक आपलाच डुलत राही, आणि कागदावर जमिनीची हालचाल कुठे संपली व लंबकाचा झोका कुठे सुरू झाला ते कळत नसे. शॉने लंबकाला धातूची पट्टी लावून ती चुंबकांच्या मधून फिरवली. पट्टी हलली की तिच्यात भोवरी विद्युतप्रवाह उठतात आणि तेच तिला अडवतात. ब्रेक म्हणा ना. एका पौंडाचे वजन, बारा सेकंदांचा आवर्तकाल, सुमारे अडीचशे पट विवर्धन आणि फोटोच्या कागदावर प्रकाशाच्या ठिपक्याने रेघ, असे ते यंत्र. त्या दुकानदाराच्या हातची रचना जगभरच्या वेधशाळांत गेली आणि त्यातलीच बेगमपेठेला आली.

म्हणून शाळेत यंत्र करायचे ठरले तेव्हा बारा सेकंदच धरले. तयार संच आता बाजारात मिळतात. परदेशांतल्या शाळांसाठी खास बनवलेली यंत्रे आहेत, तळहातावर मावणारी इलेक्ट्रॉनिक आहेत. अमेरिकेत १९७९ साली लेहमन या प्राध्यापकाची घरगुती रचना एका विज्ञान मासिकात छापून आली, तेव्हापासून हौशी लोक आणि शाळामास्तर ती करत आले आहेत. आम्हीही तीच घेतली, कारण पेटी उघडून चालू केलेल्या यंत्रातून मुलाला आकडा मिळतो, यंत्र मिळत नाही. शहाबादी फरशीचा पाया, त्याला तळाशी तीन स्क्रू, लोखंडी नळीचा खांब, ॲल्युमिनियमची दांडी, टोकाला तराजूची दोन वजने, टांगायला सतारीची तार, आणि खांबाला टेकणाऱ्या टोकाशी बॉल बेअरिंगमधली एक गोळी. चुंबक जुन्या हार्ड डिस्कमधले. शॉचा ब्रेक म्हणून एका फुटक्या घंगाळाच्या तळाचा तांब्याचा पत्रा. हे घंगाळ कोणाच्या घरचे, त्यावरून त्या घरात थोडी बोलाचाली झाली असे नंतर कळले. असो.

यंत्र चालू झाले आणि पहिले दोन महिने त्याने शाळाच नोंदवली. घंटा, कवायत, बाहेरून जाणारी बस, मधल्या सुट्टीत मुद्दाम उड्या मारणारी पोरे. एकदा कोळ्याने दांडीपासून पेटीपर्यंत जाळे विणले आणि रेघ दोन दिवस मेल्यासारखी झाली. मुलांना कंटाळा आला, आणि तो यायला हवा होता. भूकंपमापक म्हणजे मुख्यतः वाट पाहण्याचे काम. रोज सकाळी मागच्या चोवीस तासांची रेघ बघायची, काय दिसले ते वहीत लिहायचे, आणि बहुतेक दिवस 'वाहने, घंटा, काही नाही' असेच लिहायचे. त्या वहीचे महत्त्व मी मुलांना सांगत बसलो नाही. पण इतिहासाच्या माणसाला ठाऊक असते की 'काही नाही' हे ज्याने त्याच दिवशी लिहून ठेवले त्याच्याच 'काही तरी'वर नंतर विश्वास ठेवता येतो.

नोव्हेंबरअखेर रेघ जाड झाली. पाच-सहा सेकंदांच्या मंद लहरी, रात्रंदिवस, एकसारख्या. यंत्र बिघडले म्हणून मुलांनी स्क्रू पिळायला घेतले. बिघडले नव्हते. फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागत होते आणि बंगालच्या उपसागराच्या लाटांची धडधड खडकातून आमच्यापर्यंत पोहोचत होती. अशा थरथरीचा पावसाळी वादळांशी संबंध डॉ. एस. के. बॅनर्जी यांनी शतकापूर्वीच्या त्या काळात कुलाब्याच्या नोंदींवरून अभ्यासला होता. समुद्र शेकडो किलोमीटर लांब असलेल्या या शहरात समुद्र ऐकू येतो, हे मुलांना भूकंपापेक्षा जास्त आवडले. आणि त्यानंतर चार-पाच दिवसांतच मुलुगू.

आता त्या बोटाकडे येतो. एका केंद्रावरून अंतर कळते, दिशा नाही. आमचे यंत्र तर एकाच दिशेची हालचाल टिपते, त्यामुळे मुलुगू आणि किल्लारी त्याच्या दृष्टीने एकच. जागा ठरवायला निदान तीन केंद्रे लागतात, असे सगळी पुस्तके सांगतात. मुलांना म्हटले, किल्लारीचा भूकंप घ्या आणि हैदराबाद, पुणे, मुंबई अशी तीन वर्तुळे काढा. अंतरे मी दिली : सुमारे २१८, २९५ आणि ४१० किलोमीटर. काढली, आणि फसले. ही तीनही शहरे आणि किल्लारी जवळजवळ एकाच पूर्व-पश्चिम पट्टीत येतात. हैदराबाद आणि पुण्याची वर्तुळे एकमेकांना कापत नाहीत, नुसती टेकतात. मापात पाच किलोमीटरची चूक झाली तर एक तर ती भेटतच नाहीत, नाही तर उत्तरेला आणि दक्षिणेला लांब लांब दोन ठिकाणी भेटतात. दक्षिणेकडून गौरीबिदनूरचे पाचशे किलोमीटरचे वर्तुळ आणले तेव्हा जागा पक्की झाली. पुस्तकातल्या आकृतीत तीन वर्तुळे नेहमी सुरेख कापतात. आपल्या भागाचा नकाशा तसा नाही.

हे मी इतके तपशिलात लिहितो आहे, कारण १९९२-९३ साली हाच प्रश्न खरा होता. किल्लारी आणि आसपास ऑगस्ट १९९२ पासून धक्के बसत होते. त्यातला मोठा १८ ऑक्टोबर १९९२ चा, चारच्या घरातला. जमिनीतून गुरगुर ऐकू यायची. लोक काही दिवस घराबाहेर झोपले, मग धक्के कमी झाले तशी घरात गेली. तो मुलूख तेव्हाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात सर्वांत सुरक्षित, म्हणजे पहिल्या विभागात होता. दख्खनचे पठार स्थिर आहे, हे आमच्या पिढीने शाळेत पाठ केलेले. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेने त्या समजाला तडा गेला होता, पण तिथे धरण होते, कारण दाखवता येत होते. आणि मोठ्या वेधशाळांपैकी किल्लारीला सर्वांत जवळची कोणती, तर निजामाच्या राज्यात जी होती तीच, हैदराबाद. १९६१ पासून इथे राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आहे आणि तिथली यंत्रे आमच्या सतारीच्या तारेच्या कितीतरी पुढची. पण सव्वादोनशे किलोमीटरवरून लहानशा धक्क्याची जागा गावाइतकी नेमकी सांगणे कोणत्याही यंत्राला जड जाते.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून लोक नुकतेच झोपलेले. महत्ता ६.२, केंद्र अगदी उथळ. सरकारी आकड्याप्रमाणे जवळपास आठ हजार माणसे गेली. इतर अंदाज याहून मोठे आहेत. हैदराबादेत माझी खाट हलली आणि आमचे शेजारी जलजला, जलजला म्हणत अंगणात आले. त्यांच्या आवाजापलीकडे मला त्या पहाटेचे काही आठवत नाही. उमरग्याकडच्या नातेवाइकांची खबर मिळायला तीन दिवस लागले.

माणसे घरांखाली गेली. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडाचे माळवद, आणि त्यावर उन्हापासून बचाव म्हणून वर्षानुवर्षे चढवत नेलेला मातीचा थर. दिसायला गढी, पण भिंत म्हणजे आतला एक आणि बाहेरचा एक असे दगडांचे दोन पदर, मध्ये भरताड. आरपार जाणारा लांब दगड मधूनमधून घातलेला असला तर दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतात. बहुतेक घरांत तो नव्हता. हलल्यावर पदर सुटे झाले आणि माळवद खाली आले.

भूकंपानंतर संशोधकांनी त्या भागात तात्पुरती यंत्रे मांडून मागचे धक्के नोंदवले. पुढे किल्लारीला ६१७ मीटर खोल भोक पाडले. वर ३३८ मीटर काळा बेसाल्ट, त्याखाली आठेक मीटर गाळाचा थर, आणि मग अतिप्राचीन स्फटिकी खडक; हैदराबादच्या टेकड्यांवर उघडा पडलेला ग्रॅनाइट ज्या पायाचा भाग आहे, त्याच पायाचा. तेरला जुन्या वस्तीच्या थरांतही प्राचीन भूकंपाच्या खुणा असल्याचे काही संशोधकांनी मांडले आहे. आपल्या मंडळातल्या नाणी-मडकीवाल्यांनी त्याकडे लक्ष द्यावे. २००२ साली नकाशातला पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा मुलूख तिसऱ्यात गेला.

वर्तुळाच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलीने विचारायचे ते विचारलेच. "तेव्हा असं यंत्र शाळेत असतं तर कळलं असतं का?"

नाही. भूकंप कधी येणार हे कोणतेही यंत्र सांगत नाही, आणि धक्क्यांची अशी मालिका बहुतेक वेळा काहीही न घडता विरून जाते. हे तिला स्वच्छ सांगितले. शाळेत भूकंपमापक लावताना 'पूर्वसूचना' हा शब्द ज्यांनी फलकावर लिहिला ते मुलांना फसवतात, असे माझे मत आहे. पण प्रश्नाचे निम्मे उत्तर उरतेच. समजा १९९२ साली उमरगा, औसा, निलंगा, लोहारा अशा चार शाळांत यंत्रे असती. आमचा बारा सेकंदांचा आळशी लंबक नव्हे, जवळचे बारीक धक्के त्याला नीट टिपता येत नाहीत. त्यासाठी जलद कंपने पकडणारा छोटा जिओफोन लागतो. ते चार जिओफोन चार दिशांना असते, तर वर्तुळे टेकली नसती, कापली असती. आणि खुद्द किल्लारीच्या शाळेत एखादा असता तर दोन लहरींमधले अंतर एका सेकंदाच्या आसपास निघाले असते. म्हणजे जे हलते आहे ते आठ-दहा किलोमीटरच्या आत, आपल्याच गावाखाली. यात भाकीत काही नाही, अंतर आहे. त्या अंतराचे गावाने काय केले असते, ते मी सांगू शकत नाही. ती म्हणाली, "निदान माळवदावरची माती तरी काढली असती." मी गप्प बसलो. काढली असतीच असे नाही. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ती माती रोज उपयोगी पडते आणि भूकंप पिढ्यान्पिढ्या येत नाही.

मार्च २०२५ मध्ये यंत्राचा सर्वांत चांगला दिवस आला, तो थोडक्यात सांगतो. २८ तारखेला, शुक्रवारी, म्यानमारमध्ये ७.७ चा भूकंप झाला तेव्हा आपली ११ वाजून ५० मिनिटे झाली होती. चारेक मिनिटांनी पडद्यावरची रेघ मुलांच्या डोळ्यांदेखत थरथरू लागली, आणखी तीन मिनिटांनी दुय्यम लहरी आल्या, आणि मग भूपृष्ठ लहरींचे संथ मोठे हेलकावे किती तरी वेळ चालले. वर्गात कोणाच्याही पायाखाली काही जाणवत नव्हते. पोरे आधी ओरडली. नंतर, तिकडे काय झाले असेल हे ध्यानात आल्यावर, आपसूक शांत झाली. ८.४ चा गुणाकार इतक्या अंतरावर चालत नाही हेही त्या दिवशी शिकवून झाले, कारण लांबच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून, जास्त वेगाच्या खडकांतून येतात. या वेळी घड्याळ बरोबर होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मुलगी आजोळी जाताना जिओफोन घेऊन गेली. तिचे आजोळ भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या गावांपैकी एकात आहे. रुंद रस्ते, एका आकाराची घरे. पंधरा दिवसांच्या नोंदी तिने आणल्या. विहिरीवरचा पंप, कडब्याची कुट्टी करायचे यंत्र, पहाटेची दुधाची गाडी. भूकंप एकही नाही. वहीत तिने ते सगळे नेमाने लिहिले होते.

शेवटच्या पानावर मात्र यंत्राचे काही नव्हते. आजोबांनी घराच्या मागे स्वयंपाकाची खोली वाढवली आहे, जुन्या गावातल्या पडक्या घराचे दगड आणून, मातीत. तिने भिंत मोजली आणि आजोबांना विचारले, आरपार जाणारा लांब दगड घातलाय का? आजोबा म्हणाले, "तिथं रात्रीचं कोण झोपतंय माय?" तिने खाली लिहिले आहे : भिंत अठरा इंच, लांब दगड नाही, वर पत्रा, आजी दुपारी तिथेच पडते.